वर्दीची वही

जाहीर लिलावाची सूचना वर्तमानपत्रात कुठे सापडते, हे मला आता पान उघडायच्या आधीच ठाऊक असतं. आतल्या पानावर, तळाला, निविदा आणि हरवलेल्या खरेदीखतांच्या जाहिरातींच्या शेजारी. बारीक टायपात लिहिलेलं असतं : निर्लेखित वाहने जसे आहे जेथे आहे या तत्त्वावर विकणे आहे. मग अनामत रक्कम, पाहणीचा दिवस, आणि लिलाव कोणतेही कारण न देता रद्द करण्याचा राखून ठेवलेला अधिकार. 'निर्लेखित' हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा त्यावरच अडकलो होतो. म्हणजे जडवस्तूंच्या नोंदवहीतून जिचं नाव कमी केलं ती वस्तू. गाडी चालते की नाही, याच्याशी त्या शब्दाचा संबंध नाही. तिच्याबद्दल लिहिलेलं पुसलं गेलं, एवढंच तो सांगतो. पुढे पंचवीस वर्षं लिलावांच्या आवारांतून फिरल्यावर मला वाटतं, तो शब्द अगदी नेमका आहे.

मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा निदेशक होतो. मुलांना शिकवायला जुनं इंजिन, जुना गिअरबॉक्स लागायचा आणि नवं घ्यायला तरतूद नसायची, म्हणून मी लिलाव बघू लागलो. नाद लागला तो मिस्त्रींमुळे. हायवेला त्यांचं गॅरेज होतं. त्यांचे उस्ताद डिस्पोजलच्या गाड्यांवर हात बसवलेले. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकन आणि ब्रिटिश फौजांचं इथे उरलेलं सामान विकायला निघालं. जीपा, ट्रक, ताडपत्र्या, जेरीकॅन. त्या विक्रीला लोक 'डिस्पोजल' म्हणू लागले आणि तो शब्द मराठीत रुळला. आमच्याकडे अजून एखादं म्हातारं माणूस जाड कॅनव्हासवर हात फिरवून म्हणतं, "हे डिस्पोजलचं आहे हो, फाटायचं नाही."

पाहणीच्या दिवशी मिस्त्रींच्या पिशवीत चार वस्तू असत : लोहचुंबक, टॉर्च, रॉकेलचा बोळा आणि एक लांब स्क्रू ड्रायव्हर. चुंबक पत्र्यावरून फिरवायचं. जिथे ते धरत नाही तिथे रंगाखाली पुट्टी भरलेली. ऑइलची पट्टी उपसून बघायची. ऑइल दुधाळलेलं दिसलं तर पाणी आत शिरलंय, हेड गॅस्केट तरी गेलं किंवा ब्लॉकला तरी तडा आहे. पुढचं चाक दोन हातांनी वर-खाली हलवायचं, किंगपिन कितपत झिजली ते कळतं. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने चासी ठोकत जायचं आणि आवाज ऐकायचा. शाबूत लोखंड खणखणीत बोलतं, गंजलेलं घोगरं. हे सगळं मी मुलांना पुढे वर्गात शिकवलं. मिस्त्री सगळ्यात शेवटी जे करायचे, ते मात्र मला बरेच दिवस कळलं नव्हतं. ते आवारात त्या गाडीचा ड्रायव्हर शोधायचे. तो नसला तर पहारेकरी, शिपाई, कुणीही. चहा सांगायचे आणि विचारायचे, "ही शेवटची कधी चालली? कुठे गेली होती?"

जुनी गाडी लिलावात स्वस्त का मिळते, याचं गणित साधं आहे. तिथे येणाऱ्या बहुतेकांना ती गाडी दिसतच नाही, वजन दिसतं. भंगाराचे व्यापारी चासी, हौसिंग, कमानपाटे, इंजिनाचं बीड असा अंदाजाने हिशेब मांडतात, किलोच्या भावाने गुणतात, गॅसकटरची मजुरी आणि वाहतूक वजा करतात. उरतो तो आकडा म्हणजे त्यांची शेवटची बोली. त्याच्यावर हजारभर रुपये चढवायची तयारी असेल, तर १९५०-६० सालची गाडी तुमची होऊ शकते. अडचण दोन ठिकाणी येते. एक म्हणजे रिंग. व्यापारी आधीच आपसात ठरवून येतात, एकच बोलतो, बाकीचे माना डोलावतात. मधे तिऱ्हाईत शिरला की त्याला दमवायला भाव चढवतात आणि ऐनवेळी सोडून देतात. दुसरी अडचण ढिगाची. कार्यालय सोयीसाठी चार वाहनांचा मिळून एक ढीग लावतं. हवी ती एकच गाडी, पण घ्यावा लागतो अख्खा ढीग.

ढिगातच मी एक जीप गमावली. १९९७ साल होतं. एका सरकारी कार्यालयाच्या मागच्या बाजूला, बाभळीखाली, तीन मोडक्या ट्रेलरच्या रांगेत ती उभी होती. नाव-गाव काही कळू नये अशी अवस्था. मटाडोरचं डिझेल इंजिन बसवलेलं, कुणीतरी घरच्या पत्र्याची बॉडी ठोकलेली, हिरव्यावर पांढरा, पांढऱ्यावर पुन्हा हिरवा रंग. पण बोनेट बसकं होतं, जीपवाले ज्याला लो बोनेट म्हणतात ते. महिंद्राची आपल्या ओळखीची जीप हाय बोनेट, कारण तिच्या इंजिनाची उंची जास्त. मिस्त्री गुडघ्यांवर बसले, पुढच्या बाजूने चासीखाली टॉर्च मारला आणि रॉकेलच्या बोळ्याने एका बोल्टचं डोकं पुसत राहिले. काळ्या चिकट थराखालून इंग्रजी एफ हे अक्षर वर आलं.

युद्धात जीपांची मागणी विलीज कंपनीला एकटीला पुरी करता येईना, म्हणून त्याच आराखड्यावर फोर्डनेही जीपा बांधल्या. दोघांच्या मिळून सहा लाखांहून जास्त झाल्या. दिसायला सारख्याच, पण फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा, एफ उठवला. चासीचा पुढचा आडवा दांडा विलीजचा गोल नळीचा, फोर्डचा चॅनेलसारखा. तो मिस्त्रींनी मला हाताने चाचपायला लावला. चॅनेल होता. युद्धातून आलेली, पन्नासहून जास्त वर्षांची ती चासी आमच्या तालुक्यात बाभळीखाली उभी होती आणि तिच्या कागदावर लिहिलं होतं : जीप जुनी, नादुरुस्त, नग एक.

ती ट्रेलरांबरोबर ढिगात गेली. ढिगाचा भाव माझ्या सहा महिन्यांच्या पगारापलीकडे चढला. दोन दिवसांनी मी व्यापाऱ्याच्या वखारीत गेलो, फक्त चासी आणि पुढचा भाग द्या म्हणून. तो भला माणूस होता, त्याने मला आत नेऊन दाखवलं. गॅसकटरने केलेले दोन-दोन फुटांचे तुकडे ट्रकमध्ये भरून झाले होते. "काल सांगायचं होतं सर," तो म्हणाला. मिस्त्रींनी फाळक्याजवळ पडलेला एक बोल्ट उचलून खिशात टाकला. तो आज माझ्या टेबलावर आहे.

त्यानंतर मी स्वस्त मिळतंय म्हणून लिलावाला गेलो नाही. गाडीसोबत तिची माहितीही मिळेल का, हे बघायला जाऊ लागलो. ती जीप कुठल्या बंदरात उतरली, कुणी विकत घेतली, त्या खात्यात कशी आली, कोणत्या धरणाच्या सर्वेक्षणावर फिरली, हे कुठल्या तरी कपाटात कधीतरी लिहिलेलं होतंच. सरकारी गाडीचं लॉगबुक असतं. कोण बसलं, कुठून कुठे गेली, किती किलोमीटर, किती लिटर, सगळ्याची सही. लिलावाआधी आवार झाडताना हीच पुस्तकं आधी रद्दीत जातात. लोखंडाला निदान भाव असतो.

२००८च्या पावसाळ्यात एका छोट्या नगरपरिषदेच्या लिलावात आगीचा बंब निघाला. लाल रंगाचा, गोलाकार नाकाचा डॉज ट्रक, १९६४ची नोंदणी. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी हिंदुस्थानात मोटारी बनाव्यात म्हणून जो हट्ट धरला, त्यातून १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली आणि अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून कुर्ल्याला डॉज, प्लिमथ, डिसोटो, फार्गो जुळू लागल्या. डॉज आणि फार्गो हे ट्रक तर एकाच साच्यातले, फक्त नावाच्या पट्ट्या वेगळ्या. लोकांना कुर्ला म्हटलं की पद्मिनी मोटार आठवते. त्या आधीचे हे ट्रक ऊस, कांदा, मुरूम वाहून वाहून संपले, म्हणून कुणाला आठवत नाहीत. बंब तेवढे उरले, कारण ते छपराखाली उभे असत, दर सकाळी सुरू होत आणि गावाच्या वेशीपलीकडे क्वचितच जात.

या बंबाच्या मीटरवर २३ हजारांच्या आसपास किलोमीटर होते. मी हरखून गेलो. मिस्त्रींनी खांद्यावर हात ठेवला. "सर, बंबाचे किलोमीटर बघू नका. आगीजवळ हा जागेवर उभा राहतो आणि पंप फिरवतो. चाकं थांबलेली, इंजिन चार-चार तास जोरात. ते तास मीटर मोजत नाही." मग ते तास कुठे कळतील? ते म्हणाले, "वर्दीच्या पुस्तकात."

आग लागल्याचा निरोप येतो, त्याला अग्निशमन दलात वर्दी म्हणतात. वर्दी किती वाजता आली, कुणी दिली, बंब किती वाजता निघाला, किती वेळ पंप चालला, किती वाजता परतला, हे सगळं लिहून ठेवावं लागतं. कार्यालयात विचारलं तर 'जुनं रेकॉर्ड नष्ट केलं' एवढंच उत्तर मिळालं. मिस्त्री नेहमीसारखे माणूस शोधायला गेले. बंबाचे जुने चालक तिथून दोन गल्ल्यांवर राहत होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. आम्ही ओटीवर बसलो. काकांनी आत हाक मारली आणि काकूंनी तांदळाच्या डब्यामागून जुन्या साडीत बांधलेल्या तीन वह्या आणून दिल्या. रद्दीत टाकायला काढल्या तेव्हा काकांनी त्या घरी आणल्या होत्या.

मी ओटीवरच वाचत बसलो. गवताच्या गंजीला आग. गुऱ्हाळाच्या चुलवणातून ठिणगी उडून पाचट पेटलं. तेल गिरणी, रात्री १ वाजून १० मिनिटं, पंप पाच तास. १९७२च्या दुष्काळात ओळीने पानंच्या पानं आगीची वर्दी नाही. बंब पिण्याचं पाणी वाहतोय, वाडीचं नाव, खेपांची संख्या, चालकाची सही. विहिरीत पडलेली म्हैस दोर लावून काढली, म्हैस जिवंत. एका नोंदीपुढे नुसतं 'उशीर झाला' असं लिहिलं होतं आणि वेळेचे रकाने कोरे सोडले होते. त्या नोंदीवर मी बोट ठेवलं तेव्हा काका उठून अंगणात गेले. मी पुढे विचारलं नाही.

लिलावाच्या दिवशी पाऊस कोसळत होता, म्हणून व्यापारी कमी आले. सरकारी बोली ४५ हजारांची. रिंग ५८वर थांबली, मी ६१ म्हणालो. एक वार, दोन वार, तीन वार. वर व्हॅट. साडेतीन-चार टनांचा ट्रक, त्याच्या टाकीसकट, पंपासकट, एका नव्या मोटारसायकलच्या किमतीत मिळाला, आणि याला स्वस्त म्हणायचं तर म्हणावं. पाहणीच्या आणि ताब्याच्या मधल्या आठवड्यात पितळी घंटा आणि नळ्यांची पितळी तोंडं गेली होती. जसे आहे जेथे आहे, त्यामुळे तक्रार चालत नाही. तोंडं मी पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात, बुधवार-रविवार खेटे घालून मिळवली. ब्रेकचे पिस्टन कोल्हापूरच्या उद्यमनगरात नमुन्यावरून कातून घेतले. तिथल्या कारागिराने बोटांत धरून नमुना पाहिला आणि विचारलंसुद्धा नाही की हे कशाचं. टायर, कार्बुरेटर, टाकीचा गळका तळ. चार वर्षांत ६१ हजारांच्या चौपटीहून जास्त खर्च झाला. जे जुन्या गाड्या लिलावात घेण्याचं मनात धरून असतात, त्यांना मी हा आकडा आधी सांगतो. बोलीची रक्कम ही त्या गाडीच्या खर्चाची पहिली आणि सगळ्यात लहान पावती असते.

आणि कागद. हा बंब भंगार म्हणून विकला गेला, म्हणजे नोंदणी रद्द करून. रस्त्यावर नेता येत नाही. लिलावाच्या अटींतली ती ओळ मी वाचली होती, पूर्ण समजून बोली लावली होती. तरी पहिल्यांदा इंजिन धरलं, सहाही सिलिंडर एका लयीत बोलू लागले आणि बंब माझ्या शेताच्या बांधापर्यंत जाऊन परत फिरला, तेव्हा बांधापलीकडचा डांबरी रस्ता मला फार लांब वाटला.

२०१३ साली अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या पीअर्स नावाच्या खेड्यात झालेल्या एका लिलावाबद्दल मी खूप वाचलं. रे आणि मिल्ड्रेड लॅम्ब्रेक्ट हे जोडपं तिथे अर्धशतक शेवरोलेच्या गाड्या विकत होतं. न खपलेल्या काही नव्या गाड्या, बदल्यात आलेल्या जुन्या गाड्या, सगळं त्यांनी राखून ठेवलं होतं. १९९६ साली दुकान बंद झालं आणि सतरा वर्षांनी, सप्टेंबरच्या २८ आणि २९ तारखांना, सुमारे ५०० गाड्या लिलावात निघाल्या. दोन हजारांहून कमी वस्तीच्या गावात हजारोंची गर्दी लोटली, वर टीव्हीवर थेट प्रक्षेपण. १९५८चा एक शेवरोले पिकअप ट्रक फक्त १.३ मैल चाललेला होता. तो १ लाख ४० हजार डॉलरला गेला. तिथे स्वस्त मिळण्याची शक्यता पहिल्या तासातच संपली असणार. पण मला त्या किमतीत दुसरं काही दिसलं. धूळ, गंज, फुटक्या काचा असूनही लोकांनी एवढे पैसे मोजले, कारण प्रत्येक गाडी कुणाची, कधी आली, कुठे उभी राहिली, हे सांगता येत होतं. आमच्या बाभळीखालच्या जीपची गोष्ट त्या पिकअपहून मोठी होती. ती सांगणारा कागद नव्हता, म्हणून ती किलोवर गेली.

आता तो किलोचा बाजारही तसा उरलेला नाही. १ एप्रिल २०२३पासून पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचं नूतनीकरण होत नाही. केंद्र, राज्य, महापालिका, परिवहन महामंडळं, सगळ्यांना तो नियम आहे. ती वाहनं नोंदणीकृत मोडणी केंद्रांकडेच जातात. धुराच्या आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने तो नियम बरोबर आहे, आणि मी त्याच्याविरुद्ध नाही. पण माझ्यासारख्या माणसाने पावसात भिजत बोली लावून एखादी गाडी वाचवण्याचा रस्ता त्याने बंद झाला. दुसऱ्या बाजूला २०२१चा विंटेज गाड्यांचा नियम आहे. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली गाडी असेल तर नोंदणी क्रमांकात व्हीए ही अक्षरं मिळतात, नव्या नोंदणीला २० हजार रुपये भरायचे, नोंदणी दहा वर्षांची. चांगला नियम आहे. मोटारी आणि दुचाकी डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे. ट्रकांचा, बंबांचा विचार त्यात मला दिसत नाही. शिवाय पंधराव्या वर्षी मोडीत जाणारी गाडी पन्नासाव्या वर्षापर्यंत पोचणार कशी, याचं उत्तर दोन्ही नियमांत नाही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेवला नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरली आणि २०२३च्या त्याच तारखेनंतर ती रस्त्यावरून उतरली. निदान एक तरी पद्मिनी सरकारने जपावी, अशी मागणी टॅक्सीवाल्यांनी आधीच केली होती. गाडी चालवणाऱ्यांनी केलेली ती मागणी होती, शौकिनांनी नव्हे, याचं मला मोल वाटतं.

दर १४ एप्रिलला मी बंब सुरू करतो. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. तो दिवस देशभर अग्निशमन सेवेचा दिवस म्हणून पाळला जातो. गावातली मुलं येतात, विहिरीत नळी सोडून पंप चालवतो, उसाच्या शेंड्यांवरून पाण्याची कमान जाते. काका होते तोवर ते यायचे आणि पंपाच्या लिव्हरला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. ते गेल्यावर त्यांच्या मुलाने एक गाठोडं आणून दिलं. त्यात पितळी घंटा होती. पाहणीच्या आणि ताब्याच्या मधल्या आठवड्यात ती कुठे गेली होती, ते मला त्या दिवशी कळलं. घंटा मी त्यांच्या घरी परत पाठवली. वह्या माझ्याकडे आहेत. त्यांच्या तीन प्रती काढून एक गावच्या वाचनालयात ठेवली आहे.

तुमच्या नगरपरिषदेच्या, साखर कारखान्याच्या, पाटबंधारे वसाहतीच्या आवारात एखादा बंब, एखादी जीप गवतात उभी असेल. गाडी बहुधा तुम्हाला घेता येणार नाही, ती मोडणी केंद्राकडेच जाईल. पण तिच्या लॉगबुकावर तो नियम लागू नाही. कार्यालयात अर्ज करा, वह्या मागा, निदान पानांचे फोटो काढा. कार्यालयात मिळालं नाही, तर तिच्या चालकाचं घर शोधा.